सहलीसाठी निवडलेली मुलं

मुलुंड (पूर्व),
५ ऑगस्ट २०२५

ती. प्रेमाताईस,
जयाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहिलं तर ते तुझ्याआधी तुझी सून दीप्ती वाचते आणि नातू निहार त्यावर नाचणारी माकडं पाठवतो. तेव्हा आपण हा पाकिटाचा मार्ग धरला तो बराच. एकच वाईट, मुलुंडहून बोरिवलीला पाकीट पोचेपर्यंत माणूस काशीला जाऊन येईल. पण मधे कोणी फोडत नाही. दीप्तीच्या वयाच्या मुलींना पाकीट म्हणजे विजेचं बिल वाटतं. टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईचे कान जावेत आणि तिच्या बहिणीने तिकिटं चिकटवत बसावं, याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

शाळेत काय चाललंय विचारलंस. रंगपंचमी चालली आहे. माझी घाटकोपरची मराठी शाळा आणि निहारची बोरिवलीची इंग्रजी शाळा, दोघी एकाच संस्थेच्या लेकी, त्यातली माझी सावत्र. तर बोरिवलीला दोन-तीन वर्षं असलेली एक कंपनी संस्थेने यंदा आमच्याकडेही नेमली आहे. पोरांनी चाचणी दिली की प्रत्येकाचं प्रत्येक उत्तर आम्ही मोबाईलमध्ये भरायचं. बरोबर असेल तर एक, चूक असेल तर शून्य. मग ते यंत्र पोराला रंग देतं. हिरवा म्हणजे हुशार, पिवळा म्हणजे बघू, लाल म्हणजे देवाची करणी. पोरं रंगवून झाली की तोच ब्रश मास्तरांवर फिरतो. मी सध्या लाल आहे.

कंपनीकडून जान्हवी नावाची मुलगी येते. तिला डेटा कोच म्हणायचं. तिचं वय माझ्या चष्म्याएवढं. आकडे बोलतात, त्यांचं ऐकायला शिका, असं तिने आम्हाला सांगितलं. मी म्हटलं, बाई, वर्गात एकेचाळीस पोरं एकदम बोलतात, त्यातून कान उरला तर आकड्यांना देते.

पण ताई, तुला माहीत आहे, मी कामचुकार नाही. खरं म्हणजे मला ही कल्पना आवडली होती. चाचणीचे पेपर घेऊन बसले, तर तिसरीतल्या माझ्या निम्म्याहून जास्त पोरांनी बावन्न वजा अडतीसचं उत्तर लिहिलं होतं सव्वीस. तीस नाही, पंधरा नाही, सगळ्यांचं सव्वीस. एवढी पोरं एकमेकांचं बघून लिहायला बाक पुरणार नाहीत. मग डोक्यात प्रकाश पडला. दुसरीत आम्हीच त्यांना घोकून घेतलं होतं, की मोठ्यातून लहान वजा करायचं. पोरांनी बिचाऱ्यांनी आठातून दोन काढले, पाचातून तीन काढले. आमचं तंतोतंत ऐकलं, म्हणून चुकले! चूक आमच्या शिकवण्यातली होती आणि ती त्या सव्वीसमध्ये स्वच्छ दिसत होती. मी आइस्क्रीमच्या काड्या आणल्या, दहा-दहांच्या जुड्या बांधल्या आणि जुडी सोडल्याशिवाय आठ काड्या देता येत नाहीत हे त्यांच्या हातांना शिकवलं. पुन्हा गणितं घातली तेव्हा पाच-सहाच पोरं अडली.

ही गंमत सांगायला मी नाचत मुख्याध्यापकांकडे गेले. नितेश सर म्हणाले की यंत्रात सव्वीस लिहायला जागाच नाही. सव्वीस लिहा नाहीतर नव्वद, शून्य ते शून्य. आणि जुड्या बांधण्यात वेळ घालवल्यामुळे माझं आकडे भरायचं काम मागे पडलंय, त्याचा वेगळा लाल ठिपका आलाय. पेपर तपासून तो रद्दीत टाकायचा आणि त्याचा रंग तेवढा भिंतीवर लावायचा, याला हे लोक शिक्षण सुधारणं म्हणतात.

निहारचं कसं आहे? वाचतो की नाही काही? तुझ्या गुडघ्याचं कळव. तुझी माया आहे तशीच राहो, ती मोजायला कोणी कंपनी नेमू नकोस.

तुझी,
जया


बोरिवली (पश्चिम),
१४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. जयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा माझा चष्मा दुकानात होता. म्हणून निहारला म्हटलं, वाच रे जयाआजीचं पत्र. बसला ऐटीत मांडी घालून आणि वाचलंन घडाघडा. माझी तब्येत चांगली आहे, शाळेत सर्व ठीक आहे, आजीने निहारला गृहपाठाला बसवू नये, रविवारी जुहूला नेऊन गोळा द्यावा आणि तो काला खट्टाच असावा. मला वाटलं, जयाला अचानक काय झालं गो, एवढी गोड कशी झाली? चार दिवसांनी चष्मा आला आणि तुझं खरं पत्र वाचलं. हसून हसून माझ्या गुडघ्याला कळ आली. दीप्ती म्हणाली, इंग्रजी शाळेतला मुलगा तो, मराठी हस्ताक्षर त्याला कुठून लागणार? मलाही पटलं. पण मेल्याची कल्पनाशक्ती बघ! काला खट्टा!

इंग्रजी पुस्तक मात्र फाडफाड म्हणतो. पान उलटायच्या आधीच पुढची ओळ तोंडात तयार. मी म्हटलं, अरे बघ तरी पुस्तकात, तर म्हणतो की आजी, मला बघायची गरजच नाही. पाचवीतच हे, तर पुढे काय करेल! त्याचं ते शाळेचं ॲप दीप्ती दर महिन्याला मला दाखवते. हिरवागार आहे हो आमचा निहार, ऐन श्रावणातल्या शेतासारखा. तू लाल आणि तो हिरवा. आता त्याच्याकडेच शिकवणी लाव.

थट्टा बाजूला. तू त्या लोकांशी तोंड सांभाळून बोल. निहारला तिथे प्रवेश मिळाला तो तुझ्या शब्दावर, हे माझा सर्वेश आणि दीप्ती विसरलेले नाहीत, आणि संस्थाही विसरली नसेल. काड्यांचं केलंस ते झकास केलंस. पण दरवेळी मुख्याध्यापकाच्या टेबलावर जाऊन नाचायलाच हवं का? लहानपणीही तुझं हेच. खरं बोलायचीस आणि मार मी खायचे.

गुडघा बरा आहे, कान होते तसेच. मायेची उणीव नाही, पत्राची पडू देऊ नकोस.

तुझी,
प्रेमाताई


मुलुंड (पूर्व),
२४ सप्टेंबर २०२५

ती. प्रेमाताईस,
सा. न. वि. वि.

काला खट्टा वाचून आम्ही घरात दोन दिवस हसत होतो. पण आज हसण्याची गोष्ट लिहीत नाही. काल रात्रीपासून तोंडात कडू चव आहे, ती तुझ्या पत्रात थुंकते, राग मानू नकोस.

काल अंधेरीला एका हॉलमध्ये दोन्ही शाळांच्या शिक्षकांची एकत्र सभा होती. नवरात्र म्हणून सगळ्या बायका दिवसाच्या रंगाच्या साड्यांत, आणि पडद्यावर आमचे रंग. बोरिवलीची शाळा नखशिखांत हिरवी. आमची म्हणजे मिरचीच्या बाजारासारखी. अध्यक्षांनी बोरिवलीच्या मुख्याध्यापिकांना व्यासपीठावर बोलावलं आणि हे कसं साधलं ते घाटकोपरकरांना समजावून सांगा म्हणाले.

बाईंनी सांगितलं. लाजल्या नाहीत, आवाज खाली केला नाही. चाचणीच्या दिवशी वर्गातली सात-आठ कच्ची मुलं त्या सहलीला पाठवतात. त्याला नाव दिलंय विशेष निवड सहल. मुलांना बिल्ले, बस, वेफर, पालकांना अभिनंदनाचा संदेश. मूल गैरहजर असलं की यंत्र त्याचा आधीचाच रंग पुढे चालवतं आणि सुरुवातीला सगळीच मुलं हिरवी धरलेली असतात. म्हणजे ज्याने एकही पेपर दिला नाही तो वर्षानुवर्षं हिरवा. मुलं खूश, पालक खूश, सरासरी खूश, असं त्या म्हणाल्या आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या, ताई! जान्हवीने तर वहीत लिहून घेतलं. अध्यक्षांनी जाहीर केलं की पुढची चाचणी दहा ऑक्टोबरला, तेव्हा घाटकोपरनेही हा प्रयोग करावा.

मी उठून विचारलं की ज्या मुलांसाठी चाचणी घ्यायची तीच मुलं बसमध्ये, तर मग आपण चाचणी घेतो कोणाची? अध्यक्ष म्हणाले, जयाताई, तुम्ही फार नकारात्मक असता. मग जेवण झालं. श्रीखंड होतं. मी माझी वाटी जान्हवीपुढे सरकवली.

आणि सगळ्यात किळस कोणाची आली सांगू? संस्थेची नाही, तिचा धंदाच तो. त्या घरच्यांची. पोरगं पाचवीत गेलं तरी त्याला एक ओळ वाचता येत नाही, हे एका छपराखाली राहून कोणाला कळू नये? सहलीला निवड झाली म्हणून ही गाढवं बिल्डिंगभर पेढे वाटत असतील. वाटोत. अशा लोकांना अशाच शाळा मिळाल्या पाहिजेत.

जाऊ दे. तुला लिहिलं की बरं वाटतं. माझ्या जिभेवर तुझा हात असतो तसा डोक्यावरही राहू दे.

तुझी,
जया


बोरिवली (पश्चिम),
२४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. जयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी तोंड गोड कर, मग वाच. आपल्या निहारची निवड झाली! शाळेने विशेष निवड सहल काढली आहे, दहा ऑक्टोबरला, जुहूला. याआधीही दोन-तीनदा फिरायला नेलं होतं त्याला, पण निवड म्हणून नाव आणि बिल्ला पहिल्यांदाच. अख्ख्या वर्गातून फक्त सात मुलं. किनारा, नंतर हॉटेलात जेवण, सगळं शाळेतर्फे. अक्षता मिस म्हणून त्याच्या वर्गशिक्षिका आहेत, त्यांनी त्याच्या शर्टाला सोनेरी बिल्ला लावून पाठवला. दीप्तीने बँकेतून येताना पेढे आणले आणि मी गुडघा धरून पाचही मजल्यांवर स्वतः वाटले. खालच्या मजल्यावरच्या चिटणीसबाईंची नात त्याच वर्गात आहे, पहिली येते म्हणे. तिची निवड झाली नाही. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी दोन पेढे जास्त दिले.

सर्वेश फारसा बोलत नाही, तुला माहीत आहे. साकीनाक्याच्या कारखान्यातून येतो, जेवतो, झोपतो. काल मात्र पोराला उचलून घेतलंन. एवढ्या मोठ्या पोराला! निहार तेवढा गप्प होता. बिल्ला काढून ठेवलाय कपाटात. बुजरा आहे, आपल्या बाबांवर गेलाय.

हे सगळं तुझ्या शब्दामुळे झालं, म्हणून पहिलं पत्र तुला. आमच्या आनंदात तुझा वाटा आहे, तो पेढ्यातून नाही तरी मायेतून घे.

तुझी,
प्रेमाताई


बोरिवली (पश्चिम),
२९ सप्टेंबर २०२५

जया,

तुझं चोवीस तारखेचं पत्र मिळालं. माझंही तुला एव्हाना मिळालं असेल.

गाढवं पाचही मजल्यांवर फिरली. प्रत्येक दार वाजवलं.

पत्र कोणाला दाखवलं नाही. गादीखाली ठेवलंय आणि त्यावर मी झोपते आहे, झोप लागत नाही. तुझी भाषा मला नवी नाही. आई गेली तेव्हाही तू अशीच बोलली होतीस आणि मी सोडून दिलं. आताही सोडेन, पण आज नाही.

मला एवढंच सरळ लिही, की ही सहल तीच का.

प्रेमा


मुलुंड (पूर्व),
१ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हो. तीच.

तुझं पेढ्यांचं पत्र वाचलं आणि वाटलं, पोस्टमनच्या मागे धावत जाऊन माझं पत्र परत आणावं. पण ते तेव्हा बोरिवलीत पोचलं होतं. टपालाला एवढी घाई आयुष्यात कधी झाली नव्हती, ती नेमकी आता झाली.

मी माफी मागत नाही, कारण त्याने तुला झोप लागणार नाही. एवढंच सांगते, की त्या गाढवांत पहिली मी. निहारने माझं पत्र काला खट्ट्यासकट वाचलं, न बघता पुस्तक म्हटलं, हे तू मला ऑगस्टमध्ये लिहिलं होतंस. तिसरीच्या वर्गात असं एखादं पोर दिसलं तर मी त्याच दिवशी ओळखते, की याला वाचता येत नाही, हा पाठ करून निभावतोय. पण पोर आपलं होतं आणि ॲपमध्ये हिरवं होतं, म्हणून मी हसले. ज्या रंगांवर मी सगळ्यांसमोर थुंकते त्यांच्यावर घरात विश्वास ठेवला. माझी मलाच शिसारी आली आहे.

आता नीट वाच. शाळेत न झालेला धडा काढ आणि त्याला वाचायला सांग. चित्र हाताने झाक. चुकला तर ओरडू नकोस, कुठे अडतो तेवढं बघ. आणि दहा तारखेला त्याला बसमध्ये चढू देऊ नकोस. त्याला चाचणीला बसव.

मार्क पडावेत म्हणून नाही. पडणार नाहीतच. पण पेपर समोर आला की निदान एका माणसाला दिसेल की हा पोरगा नेमका कुठे अडलाय. माझ्या पोरांच्या सव्वीसने मला सांगितलं तसं. निहारचं सव्वीस अजून कोणी पाहिलेलंच नाही. असाच सहावीत गेला, सातवीत गेला, तर आठवीत एक दिवस त्याला दाखला हातात देतील आणि सांगतील की मुलगा शाळेला झेपत नाही. तोपर्यंत तो हिरवाच असेल.

दीप्ती चिडेल. शाळा माझ्या नावाने ओरडेल, कारण प्रवेश माझ्या शब्दावर होता. ओरडू दे. इथे नितेश सरांनी आमच्या सहलीची जबाबदारी माझ्यावर टाकली होती. मी लेखी नकार दिला आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल, तू त्याची काळजी करू नकोस.

रागाव, पण लिहीत राहा. एवढाच लोभ मागते.

जया


बोरिवली (पश्चिम),
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. जयास,
आशीर्वाद. (पूर्ण राग गेलेला नाही, म्हणून अनेक नाहीत. पुढच्या पत्रात बघू.)

तू सांगितलंस तसं केलं. दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. पुस्तकातला न झालेला धडा काढला, चित्रावर तळहात ठेवला आणि म्हटलं, वाच. त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हळूच म्हणाला की आजी, तुला कळलं ना?

जया, त्याला सगळं माहीत होतं. बसमध्ये नेहमी आम्हीच असतो, म्हणाला. मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण? तर म्हणाला, ज्यांना वाचता येत नाही ते. गेल्या वर्षी त्यांना मढला शूटिंगचा बंगला दाखवायला नेलं होतं, तेव्हाही हीच सात मुलं. वर्गातली बाकीची पोरं त्यांना वेफर पार्टी म्हणतात. मग इतके दिवस सांगितलं का नाहीस, विचारलं. तर म्हणाला, तुम्ही सगळे एवढे खूश होता.

मला काय झालं ते लिहीत नाही. तुला अक्षरावरून कळेल.

दीप्तीला सांगितलं तेव्हा घरात रणकंदन झालं. तुमच्या बहिणीला जळतंय, स्वतः लाल आहेत म्हणून आमच्या पोराला ओढतात, असं ती म्हणाली. मी वाद घातला नाही. पुस्तक उघडलं, हात ठेवला आणि निहारला हाक मारली. तो आला, अडखळला, पहिल्या ओळीत तीनदा थांबला. दीप्ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

त्याला मात्र सहलीलाच जायचं होतं. तिथे कोणी वाचायला सांगत नाही ना! मी लालूच दाखवली नाही की दम दिला नाही. एवढंच विचारलं, की तुला कायम त्या बसमध्येच बसायचंय का रे? बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसला. मग म्हणाला, आजी बाहेर थांबणार असेल तर पेपर देतो.

दहा तारखेला गेले त्याच्याबरोबर. फाटकाशी बस उभी, बिल्ले लावलेली सहा पोरं आत. एका खिडकीतून हाक आली, निहाऱ्या, चल ना यार, तर याने नुसता हात हलवला. मुख्याध्यापिका बाई धावत आल्या. गोड गोड बोलल्या. मग म्हणाल्या की निहारला आज बसवता येणार नाही, यंत्राने त्याला आधीच गैरहजर लावलाय. मी म्हटलं, अहो, तो तुमच्यासमोर उभा आहे. त्या म्हणाल्या, हो, पण यंत्रात नाही. तेव्हा मी कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं आणि वर्गाच्या दारातल्या स्टुलावर बसले. त्या पुढे बराच वेळ बोलत होत्या. तोंड हलताना दिसत होतं. शेवटी थकल्या.

पेपर संपला तशा अक्षता मिस बाहेर आल्या. पोरगीच आहे, पंचविशीची. तिने मला बाजूला घेतलं, मी मशीन परत कानात घातलं. ती म्हणाली की जून महिन्यापासून मी याच्या नावापुढे हिरवं बघत आले, याचा पेपर आज पहिल्यांदा हातात धरला. चाळीसपैकी पाच मार्क पडतील. पण वाचून दाखवलेले जे पाच प्रश्न होते ते पाचही बरोबर. आणि चार ओळींची जी गणितं त्याने कोरी सोडली होती, त्यातलं एक तिने त्याला तोंडी विचारलं, तर उत्तर लगेच. त्याचं डोकं उत्तम आहे, तो अक्षरांतच अडलाय, एकसारखी दिसणारी अक्षरं त्याची उलटसुलट होतात. हे पहिलीत कळलं असतं तर एव्हाना सुटलं असतं, म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. मी तिला रागावणार होते. नाही रागावले. नोकरीसाठी बिल्ले लावणारी पोर ती, तिला किती बोलायचं?

आता खरी घाण ऐक. संध्याकाळी दीप्तीने ॲप उघडलं, तर निहार हिरवा. विशेष निवड सहल, उपस्थित, असंही लिहिलेलं. म्हणजे पोरगं दिवसभर शाळेत घाम गाळत होतं आणि यांच्या लेखी जुहूला वाळूत खेळत होतं!

काल शनिवारी दीप्ती शाळेत गेली, सर्वेशही कामावर खाडा करून गेला. बाईंनी चहा मागवला आणि काळजी करू नका म्हणाल्या, तो पेपर आम्ही धरलेलाच नाही, तुमच्या मुलाच्या रंगाला धक्का लागणार नाही. बिचाऱ्यांना वाटलं, आईबाप त्यासाठीच आलेत. दीप्तीने पेपर मागितला. गठ्ठ्यात गेला म्हणाल्या. मग आमची दीप्ती, जी या महिन्यापर्यंत घरातसुद्धा कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, टेबलावर हात आपटून म्हणाली की माझ्या मुलाला आत्ताच्या आत्ता लाल करा. बाईंना कळेचना. त्या म्हणाल्या, मॅडम, लोक लाल काढायला येतात. ही म्हणाली, मला माहीत नाही, त्याला पाच मार्क पडलेत, ते त्याचे आहेत, ते लिहा. बाई म्हणाल्या, आता ते शक्य नाही, आकडे वर गेलेत, कुलूप लागलं. सर्वेश सांगत होता, बाहेर रांगेत बसलेले पालक उठून दारात येऊन बघायला लागले. स्वतःच्या पोराला लाल करा म्हणून भांडणारी आई त्यांच्या बापजन्मात त्यांनी पाहिली नसेल.

नाहीच केलं त्यांनी. हिरवाच आहे तो अजून. त्या रंगाची मला आता भाजीसुद्धा नकोशी झाली आहे.

तुझ्याबद्दलही बाई बोलल्या म्हणे. घाटकोपरच्या कोणीतरी तुम्हाला भडकवलंय, तिचा बंदोबस्त होतोय. दीप्तीने उत्तर दिलं, की ती आमची मावशी आहे आणि आमच्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच. मी मागे उभी असते तर आक्षेप घेतला असता. पण चालेल.

तर आता काम सांगते. दिवाळीची सुट्टी लागली की निहारला तुझ्याकडे आणून सोडते. फराळ मी पाठवते, तू पसारा मांडू नकोस. सुट्टीभर तरी शिकव, पुढे शाळेचं काय करायचं ते सर्वेश आणि दीप्ती बघतील. अक्षता मिसनी कुठली अक्षरं उलटी होतात ते कागदावर लिहून दिलंय, स्वतःचं नाव न घालता.

निहार यायला तयार आहे. मात्र त्याची एक अट आहे आणि ती मी तशीच लिहावी असं त्याने बजावलंय. चुकलं की जयाआजीने लगेच सांगायचं. येत नसताना शाब्बास म्हणायचं नाही.

उत्तर लवकर टाक. माया आहेच, तिला सुट्टी नाही.

तुझी,
प्रेमाताई